लबाडाचा परिच्छेद

१

“अंक गेला गं,” काकू फोनवर म्हणाल्या. कोणता अंक, असं मी विचारलं खरं, पण तो प्रश्नच मूर्खपणाचा होता. काकूंच्या घरात अंक म्हटलं की एकच.

मी पोचले तेव्हा त्या पलंगावर बसल्या होत्या. मांडीवर पत्र्याचा डबा, झाकण उघडं आणि दोन्ही हात डब्यात. त्यांची नजर गेली आहे. उजेड कुठल्या बाजूला आहे, तेवढंच काय ते कळतं. ‘वीसमुखी’चे सगळे अंक त्या बोटांनी ओळखायच्या. शेवटच्या अंकाच्या पिना गंजून गळाल्या, तेव्हा त्यांनी तो चाचपडत दोऱ्याने शिवला होता. शिवलेला अंक डब्यात नव्हता. बाकीचे सगळे जागच्या जागी होते.

‘वीसमुखी’ म्हणजे काय, ते सांगायला हवं. ते आठवणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत आणि त्या बोटांनाही संधिवात झाला आहे. तरुणपणी आम्ही टेबलाभोवती बसून एक खेळ खेळायचो. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. दार फुटलं की नाही, राक्षस मेला की नाही, याचा निकाल वीस बाजूंचा फासा टाकून लावायचा. त्या फाशावरून मासिकाचं नाव पडलं. मासिक म्हणायचं आपलं. ते निघायचं तेव्हा निघायचं. सायक्लोस्टाईल केलेली पानं, बोटांना लागणारी शाई आणि आत मजकूर काय, तर बुटक्यांना चिलखतासकट पोहता येतं का, यावर अंकामागून अंक चाललेला वाद. त्या वादात माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. आज ते वाचताना हसू येतं, आणि वाद घालणाऱ्यांपैकी किती जण उरले, हे आठवलं की हसू थांबतं.

खेळातली नावं आम्हाला चिकटली ती चिकटलीच. मी चेटकीण. जन्मभर विमा कंपनीसाठी आग लागली की लावली हे हुंगत फिरले, तरी ओळखीचे लोक चेटकीणच म्हणतात. काहींच्या मते तर हे नाव धंद्यावरूनच पडलं असावं. वैद्य औषधांच्या दुकानात बसतो. चोर कर खात्यातून निवृत्त झाला आणि त्यावरचे सगळे विनोद आमचे करून झाले आहेत. गोष्ट सांगणारे आणि मासिक काढणारे ते मास्तर. आमच्याहून वडील, पुढे शाळेत भूगोल शिकवायला लागले आणि खरेच मास्तर झाले. आणि काकूंचा मुलगा कंदील. डाव कुठलाही असो, हा तलवारीच्या आधी कंदील विकत घ्यायचा.

कंदिलाने पंचविशीही गाठली नाही. साधा ताप म्हणता म्हणता गेला. तो गेल्यावर निघालेल्या अंकात त्याचं ‘दगडाखालचं शहर’ छापलं आणि तिथे मासिकही संपलं.

२

‘दगडाखालचं शहर’ हा एकट्याने खेळायचा डाव होता. एक ते शंभर असे आकडे घातलेले परिच्छेद. प्रत्येकाच्या शेवटी विचारलेलं असतं, डावीकडे जातोस की उजवीकडे. डावीकडे असेल तर बेचाळीसवर जा, उजवीकडे असेल तर नव्वदवर. तुम्ही जमिनीखालच्या शहरात अडकलेले असता आणि बाहेर पडायचं असतं. बस, इतकंच.

काकूंनी तो डाव हातात घेतला तोवर मुलगा जाऊन बरीच वर्षं झाली होती, नवराही गेला होता आणि डोळ्यांपुढे अंधार व्हायला लागला होता. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे ट्रेस करण्यात त्यांची नोकरी गेलेली. रस्ता शोधायचा तर पद्धतशीर, हे हाडात भिनलेलं. मग आमच्यापैकी एकेकाने जायचं, अंक वाचून दाखवायचा, काकूंनी दार निवडायचं. उशीच्या जुन्या अभ्र्यावर त्यांनी शहराचा नकाशा केला होता. बटण म्हणजे खोली, टाका म्हणजे रस्ता, आणि जिथून वाट नाही तिथे गाठ.

आता अभ्रा गाठींनी भरला होता. एकच बटण मोकळं होतं.

“पाण्याचा दरवाजा,” त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. “एवढाच राहिलाय. बुधवारी मास्तर आले होते, त्यांना म्हटलं, पुढच्या खेपेला पाण्याचा दरवाजा. गुरुवारी चोर आला, त्याने दिवा बदलून दिला. शुक्रवारी वैद्याने वाचायला डबा उघडला तर अंक नाही.”

मी म्हटलं, मिळेल. तपास करणाऱ्याने हे कधी म्हणू नये.

“मरायच्या आत मला तिथून बाहेर पडायचंय,” काकू म्हणाल्या. “त्याने वाट ठेवलीय. वाट न ठेवता जाणारा मुलगा नव्हता तो.”

त्यांच्याकडे फार दिवस नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होतं. डॉक्टर तोंडाने काही बोलले नव्हते, पण निघताना त्यांनी हात हलवून काय सुचवलं ते काकूंच्या धाकट्या मुलीने पाहिलं होतं.

दुसरी प्रत शोधण्यात अर्थ नव्हता. डावाच्या पानांच्या मागच्या बाजूला कापून उभे करायचे कागदी सैनिक छापले होते. ही अक्कल मास्तरांची, आणि अंक हातात पडल्या पडल्या आम्ही सगळ्यांनी कात्र्या काढल्या. माझ्या प्रतीतल्या निम्म्या परिच्छेदांची शकलं झाली आणि सैनिक एका भिजलेल्या लढाईत कामी आले. मास्तरांकडचा गठ्ठा वाळवीने खाल्ला. न कापलेली प्रत एकच होती, कारण ती ज्याच्यासाठी बाजूला ठेवली तो कापायला उरलाच नव्हता.

निघताना मी सहज विचारलं, डावात काही विचित्र वाटलं का. काकू थोडा वेळ अभ्र्यावरून हात फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “तो माझ्यावर रागावलाय की काय, असं वाटतं गं.”

३

अशा डावात एक लबाडाचा परिच्छेद असतो. त्याच्याकडे कुठूनच वाट जात नाही. नियम सोडून, पानं नुसती चाळत जाणारा माणूसच तिथे पोचतो आणि लेखक त्याचे कान उपटतो. हा त्या खेळाचा जुना खोडसाळपणा. कंदिलाने असे तीन घातले होते.

काकू लबाडी करणं शक्यच नव्हतं. पण वैद्याचा चष्मा म्हणजे बाटलीचा तळ, आणि तो एकाऐवजी दुसराच आकडा काढायचा. त्यामुळे तिन्ही परिच्छेद काकूंच्या कानांवर पडले होते आणि पाठ झाले होते. पहिला होता, “लबाडा, पकडलं तुला! चल, सुरुवातीपासून ये.” उरलेले दोन एकाच वळणाचे. “तुम्ही येथे प्रामाणिकपणे आलेला नाहीत. कृपया मागे जावे.”

“पूर्ण डावात तो ‘तू’ म्हणतो,” काकू म्हणाल्या. “या दोन जागी मात्र ‘तुम्ही’. लहानपणी रागावला की असंच करायचा. मला अहो-जाहो करायचा, जेवायला वाढा म्हणायचा. मी काय चुकले कळत नाही, पण काहीतरी चुकलं असणार.”

मी त्यांना म्हटलं, छापताना बदललं असेल. हे मी केवळ समजूत घालायला बोलले. माझ्याच तोंडून काय गेलं, हे मला तेव्हा कळलं नाही.

धाकटी स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. तिची उलटतपासणी करायची गरज पडली नाही. तीच सुरू झाली. हो, मी म्हणाले होते की एक दिवस हा डबा जाळून टाकीन. दादा गेला तेव्हा मी शाळेत होते, ताई. तेव्हापासून या घरात मी राहते, पण आईचं घर त्या डब्यात आहे. नळ उगाच वाहत होता. तिचा राग खरा होता आणि माझ्या हिशेबी तोच तिचा बचाव. जाळायचंच असतं तर तिने अख्खा डबा जाळला असता. एक अंक निवडून काढायला माणूस त्या अंकावर चिडलेला लागतो, ही तर सगळ्याच अंकांवर चिडलेली.

मग चोर. नाव घेतल्याबरोबर सगळ्यांची मान त्याच्याकडे वळते आणि त्याला त्याची सवय आहे. त्याच्या घरात जुन्या खेळांचे खोके छताला टेकले आहेत आणि हौशी लोक त्याच्याकडून ते विकत नेतात, हेही खरं. ‘वीसमुखी’चा पूर्ण संच मिळेल का, असं मध्यंतरी कुणीतरी त्याला विचारलं होतं. ते त्याने स्वतःच सांगितलं.

“पूर्ण संच, चेटकिणी,” तो म्हणाला. “तुकड्याला कुत्रं विचारत नाही. चोरायचंच असतं तर डबा नेला असता. माझ्या नावाला तरी जागलो असतो.”

त्यात खोट काढता येईना.

४

वैद्याने मला दुकानाच्या मागच्या खोलीत बसवलं आणि खोकल्याच्या बाटल्यांच्या गराड्यात डोळे पुसले. मला संशय यायच्या आधीच त्याला दुःख झालं होतं. तोही मनातल्या मनात डाव खेळत होता. काकूंच्या आधी बाहेरची वाट सापडली तर मुद्दाम चुकीचं वाचून त्यांना थोडं खेळवायचं, असा त्याचा बेत. शुक्रवारी पाण्याचा दरवाजा उघडणार म्हणून गुरुवारी त्याला झोप लागली नव्हती. आत काय असेल असं तुला वाटतं, हे तो मलाच विचारत होता. ज्याला उत्तर हवंय तो प्रश्नपत्रिका कशाला फाडेल.

राहिले मास्तर. खरं सांगायचं तर त्यांच्याकडे मी तपासासाठी गेलेच नाही. थकले होते, सल्ला हवा होता. इतकी वर्षं गोष्ट त्यांनीच सांगितली आणि अडलं की आम्ही त्यांच्याच तोंडाकडे पाहिलं. त्यांच्या भिंतीवर जगाचा जुना नकाशा आहे, समुद्र उन्हाने पिवळा पडलेला. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः पलंगाच्या कडेवर बसले. खूप वाळले होते.

ते काकूंबद्दल बोलत राहिले. जेवतात का, झोपतात का. अंक कुणी नेला असेल, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. मी उठले तेव्हा ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, “ती शिडी सापडली असती त्यांना, तर मीही सुटलो असतो.”

मी हो म्हटलं आणि जिना उतरले. खाली रस्त्यावर आल्यावर मी थांबले. कुठली शिडी?

५

मी तशीच काकूंकडे परतले. त्या शहरात शिडी कुठे आहे, एवढंच विचारलं.

“शिडी नाही,” काकू लगेच म्हणाल्या. त्यांची बोटं अभ्र्यावर धावली. “दोर आहे, तो तुटतो. पायऱ्या आहेत, त्या खालीच जातात. शिडी कुठेच नाही. असती तर मी कधीच वर आले असते.”

वैद्याला फोन केला, चोराला केला. शिडी कुणालाच आठवेना. चोराने तर त्याच्याकडचे उरलेले कागदी सैनिक उलटे करून त्यांच्या पाठीवरचे तुकडे वाचून दाखवले. शिडी नाही.

मग मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून जुळवाजुळव केली. जी शिडी छापलेल्या डावात नाही, ती मास्तरांना ठाऊक आहे. छापायच्या आधी कंदिलाच्या हातचा कागद एकाच माणसाने पाहिला होता. ज्यावरून पानं छापायची ती स्टेन्सिल मास्तर स्वतः टाइप करायचे, दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. म्हणजे कागदावर शिडी होती आणि स्टेन्सिलवर नव्हती. पण परिच्छेद गाळला तर आकड्यांत भोक पडणार. ते भोक बुजवायचं कसं? शिडीकडे नेणारा आकडा खोडून, तिच्या जागी घातलेल्या दोन ओळींच्या लबाडाच्या परिच्छेदाने. तिथे कुठूनच वाट नसते, त्यामुळे कुणी शंका घेत नाही. म्हणून एकाचे तीन झाले. आणि भूगोलाच्या पेपरांतही शुद्धलेखन सुधारणाऱ्या माणसाच्या हातून ‘इथे’चं ‘येथे’ झालं, ‘तू’चं ‘तुम्ही’ झालं. कंदिलाने त्या डावात कुणालाच अहो-जाहो केलं नव्हतं.

उरला प्रश्न आत्ताच का. त्याचं उत्तर त्या मोकळ्या बटणात होतं. पाण्याचा दरवाजा उघडला की तिथेही गाठ बसणार होती आणि मग काकूंना कळणार होतं की या शहराला बाहेरची वाटच नाही. पुढची पाळी त्याच दरवाजाची, हे बुधवारी त्यांनी स्वतःच मास्तरांना सांगितलं होतं.

धंद्यात असताना कोडं सुटलं की मला भूक लागायची. त्या दिवशी घास गिळवला नाही.

६

मास्तरांनी दार उघडलं आणि माझा चेहरा बघून बाजूला झाले. मी ‘तुम्ही’ आणि ‘येथे’ एवढेच दोन शब्द उच्चारले. ते पलंगावर बसले आणि नकाशाकडे बघत सांगत गेले.

सैनिकांची पानं आधीच छापून झाली होती, स्टेन्सिलचा शेवटचा ताव उरला होता आणि दुकानात माल नव्हता. डाव पूर्ण बसत होता, पण कंदिलाच्या निधनाबद्दल एक पान लिहायचं तर जागा नव्हती. ते पान त्यांनी मनापासून लिहिलं होतं, त्यातला शब्द हलवायला मन होईना. आकाराने सगळ्यात मोठे परिच्छेद शेवटचे दोन होते. एकात शिडी, दुसऱ्यात बाहेर पडणं. “मला वाटलं, खेळ तर आहे,” ते म्हणाले. “मेलेल्या पोराबद्दल चार शब्द हवेत की नकोत?”

त्यांचं ते पान मला आठवत होतं. उमलण्याआधी गळालेली कळी वगैरे. आम्ही कुणी ते दुसऱ्यांदा वाचलं नव्हतं.

मूळ कागदांचं काय केलं, असं मी विचारलं. कागद पाठकोरे होते. त्या वर्षी शाळेत टंचाई होती. मास्तरांनी त्यांच्या कोऱ्या बाजूवर सहामाहीची चाचणी छापली, मुलांनी ती सोडवली आणि घरी नेली. कुठल्या तरी पोराच्या ‘नद्या व त्यांची खोरी’च्या मागे बाहेरची वाट होती.

“काकू खेळायला लागल्या तेव्हाच सांगायचं होतं,” ते म्हणाले. “एवढ्या लांब जातील असं वाटलं नाही. मग स्वतः लिहून मधे घालावं म्हटलं. कितीदा लिहिलं. माझं लिहिणं माझ्यासारखंच येतं, चेटकिणी. त्या पहिल्या वाक्याला ओळखतील.”

अंक त्यांनी जाळला नव्हता, हात धजला नाही. बादलीत भिजत घातला होता. त्यांनी मला न्हाणीघरात नेऊन दाखवलं. करडा लगदा आणि त्यात तरंगणारा दोरा. मी बादलीत हात घालून पाहिला. अक्षर असं कुठे उरलं नव्हतं.

“शिडी चढून वर गेल्यावर काय होतं?” मी विचारलं.

“आठवत नाही. रोज आठवून बघतो. दार होतं, की झाकण होतं, वर कुणी वाट बघत होतं की नव्हतं, काहीच आठवत नाही. छान होतं, एवढं आठवतं.”

मग त्यांनी हात जोडले. काकूंना सांगू नकोस म्हणाले. चोरी झाली, माणूस सापडला नाही, असं सांग. मी त्यांच्यावर चिडायला हवं होतं आणि चिडलेही होते, पण तो म्हातारा न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर अनवाणी उभा होता आणि त्याला शिक्षा म्हणून आणखी काय द्यायचं, हे मला कळेना.

७

मी सांगणार नव्हते. जिना चढताना खोटं तयार करून ठेवलं होतं. पण काकूंनी पावलं ऐकूनच विचारलं, “शिडी कोण म्हणालं होतं? मास्तर ना?” आंधळ्या माणसाशी खोटं बोलायला निगरगट्ट चेहरा पुरत नाही, आवाजही तसा लागतो. माझा नव्हता.

सगळं सांगितलं. धाकटी दारात उभी राहून ऐकत होती. काकूंनी मधे एकदाच विचारलं, शिडी कुठे होती. पाण्याच्या दरवाजामागे, एवढं मास्तरांना नक्की आठवत होतं. त्या मोकळ्या बटणावर काकूंचं बोट थोडा वेळ राहिलं.

“आणि ‘तुम्ही’ म्हणाला तो मास्तर होता.”

“हो काकू. कंदील रागावला नव्हता.”

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, निदान एवढं तरी त्यांच्या पदरात पडलं. मी तेच धरून बोलत राहिले, वाट त्याने ठेवली होती, तुम्ही बरोबर होतात, तुमचा एक रस्ताही चुकला नव्हता. त्या ऐकत नव्हत्या. त्यांनी शेजारच्या शिवणाच्या डब्यातून सुई-दोरा चाचपून घेतला, माझ्या हातात दिला आणि ओवून दे म्हणाल्या. मी ओवून दिला. त्यांनी शेवटच्या बटणापाशी गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला.

धाकटी पुढे आली. आई, खेळ आहे गं तो, असं ती म्हणाली. इतक्या मऊ आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

“खेळच आहे,” काकू म्हणाल्या. “पण मी बाहेर आले की तो भेटणार, असं मी धरून चालले होते. म्हणजे तो आतच राहिला.”

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर मी लोकांना आग कशी लागली ते सांगत आले आणि त्यांनी पुढे काय करायचं, हे सांगणं माझ्या कामात कधी नव्हतं. मी काकूंचा हात धरून बसले. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, आणि धरलाही नाही.